घट उठेपर्यंत

१७ सप्टेंबर
भाकरी थापता थापता अंगातून भट्टी पेटली. पावसाळी हवा, अन् माह्या पाठीवरून घामाच्या धारा. हे म्हणतात, ताप आहे का? ताप कायचा! सत्तेचाळीसावं वर्ष आहे, दुसरं काय. दुपारी पाळी आली. दोन महिने पत्ता नव्हता, अन् आली ते अशी आली की वांग्याची तोडणी टाकून घरी यावं लागलं. मालेगावच्या बाजाराचं पोतं अर्धंच.

थोरल्या जाऊबाई चहा घेऊन आल्या. मंदाबाई. वहीत मं.बाई. मी म्हणलं, "तुमचं बरं आहे बाई. तीन वर्षं झाली सुटल्या. दिवस मोजनं नाई, बाहेर बसनं नाई."
"तुहीबी सुटन," म्हणल्या. एवढंच. एरवी या गोष्टीवर किती हासतात. सुटल्या तेव्हा पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले होते. कारण काय, तं देवीचं सारं आता वर्षभर त्यांच्याच हातात. दर महिन्याला चार दिवस मले देणं नाई.

२० सप्टेंबर
माही पाळी थांबत नाई. घट परवा. गोधड्या, चादरी, पडदे, सारं धुणं एकट्या मं.बाईवर. मी बाहेर, मले देवीच्या कशालेच हात लावायचा नाई. बसल्या बसल्या शरम वाटते.

गोठ्यामागं गेली तं दोरीवर जुनं लुगडं, अन् त्याच्या आड कापडाच्या घड्या वाळत घातलेल्या. धुतल्या तरी डाग तसाच. माह्या नाईत, मी पॅड वापरते. मं.बाईची सून पुण्याला. घरात तिसरी बाई नाई.

विचारलं. त्यांचा चेहराच उतरला. हात धरून गोठ्यात नेलं.
"कवापासून?"
"वाळवनं घातली तवापासून. कधी थेंब, कधी जास्त. मधे बंदबी राह्यते."
म्हणजे उन्हाळ्यापासून. अन् मी काय केलं? हासली. "अवं माय! तुमी तं पुन्हा जवान झाल्या! पाळी परत आली तुमची." त्याही हासल्या. मंग म्हणल्या, "रेखा, तूबी बाहेर, मीबी बाहेर. मंग घट कोन बसवन? सासूबाईच्या हातचा घट एक साल मोकळा राह्यला नाई. कोनाले सांगू नको. तुले माही आन आहे."
मी हो म्हणलं.

२२ सप्टेंबर
घट बसला. लाल लुगडं नेसल्या होत्या. लालच नेसणार, कळलं मले. भासरे, म्हणजे त्यांचे मालक, आरती करत होते अन् त्या हात जोडून मागं उभ्या. डोळे मिटलेले, ओठ हालत होते. माफी मागत असतील. मी ओसरीच्या कोपऱ्यातून पाहून राह्यली होती. नऊ दिवस उपास, पायात चप्पल नाई.

२६ सप्टेंबर
पाचवी माळ. आशाताई आल्या, तिशीवरच्या बायांचे फॉर्म भरायले. साखर, बीपी, स्तनात गाठ, सारं विचारून झालं. मंग मं.बाईले विचारलं, "पाळी बंद होऊन किती वर्षं?"
"तीन."
"त्याच्यानंतर कधी अंगावरून लाल गेलं?"
"नाई वं."
म्हणल्या अन् माह्याकडं पाह्यलं. मी तिथंच बसली होती, बाजाराचा सांबार, कोथिंबीर, निवडत. आशाताई म्हणे, "बंद झाल्यावर एक थेंब जरी गेला तरी दवाखान्यात जा बरं. ते पाळी नसते. पाळी अशी परत येत नाई."

मी सांबाराची जुडी बांधली. दुसरी बांधली.

काहून नाई बोलली? आन होती, हे एक. दुसरं लिहायले लाज वाटते. सासूबाई वारल्या तेव्हा देवी कोणाकडं, यावर आमचं मोठं भांडण झालं होतं. दोन महिने बोलणं बंद. आता मी तोंड उघडलं असतं तं भासरे म्हणले असते, रेखाले देवी पाहिजे म्हणून बोंबलून राह्यली. त्या एका टोमण्याले भ्याली मी.

संध्याकाळी एकट्या सापडल्या तेव्हा म्हणलं, बाई, वाशिमले जाऊ. "दसरा होऊ दे. माळ अर्ध्यात सोडता येते का?" बरं म्हणलं. काय बाई आहो मी पण.

२९ सप्टेंबर
मं.बाईले चक्कर. देवघराची चौकट धरून बसल्या. भासरे म्हणाले, उपासाची आहे, लिंबू-पानी द्या. मीच दिलं लिंबू-पाणी.

४ ऑक्टोबर
दसरा झाला, घट उठले. काल सकाळी आमी दोघी वाशिमच्या बशीत बसलो. भासऱ्यांना सांगितलं, माही तपासणी आहे, सोबत पाहिजे. खोटं तरी किती बोलावं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून? मं.बाई म्हणल्या, पंधरा दिवस. मी म्हणलं, "नाई मॅडम, सहा महिने." मं.बाईनं माह्याकडं असं पाह्यलं जसं मी चोर पकडून दिला. मॅडम रागावल्या नाईत. तपासलं, सोनोग्राफी केली. पिशवीचं अस्तर जाड झालं आहे म्हणे. आतला तुकडा काढून तपासायले पाठवला. मं.बाईनं माहं मनगट धरलं होतं, अजून दुखते.

घरी आल्यावर सांगावंच लागलं. भासरे म्हणाले, "काढून टाका मंग पिशवी. आता कायच्या कामाची!" वाईट मनानं नाई म्हणाले. पण मं.बाई चुलीपाशी जाऊन बसल्या. मले म्हणतात, "तीन लेकरं वागवली तिनं. त्याहिले वाटते, बाजाराचीच पिशवी आहे."

१५ ऑक्टोबर
रिपोर्ट आला. कॅन्सर. वहीत लिहिला, तोंडानं कोणी म्हणत नाई. घरात 'गाठ' म्हणतात. अकोल्याले ऑपरेशन, मंग पाहून मशीनचा शेक, रेडिएशन, द्यावा लागेल. पुण्याहून पोरगा येऊन राह्यला.

मी मॅडमले बाजूले गाठून विचारलं, "आठ-पंधरा दिवस आधी आनलं असतं तं? उन्हाळ्यातच आनलं असतं तं?" मॅडम म्हणल्या, "आता पुढचं पाहू ताई." मी समजली काय समजायचं ते.

१९ ऑक्टोबर
घरोघरी फराळाचं चालू आहे. आमच्याकडं कढई नाई चढली. मं.बाई ओसरीत भिंतीले टेकून बसल्या होत्या. जवळ बोलावलं.
"रेखा, खरं सांग. तुले पुस्तकातलं समजते. इटाळात देवीले शिवली म्हनून झालं न हे?"
"नाई बाई."
"तुले काय मालूम? सहा महिने शिवली मी. नवरात्रात शिवली. निवद केला. देवी बघत होती अन् मी झाकून ठेवत होती."
मी म्हणलं, "बाई, तो इटाळ नव्हताच. पाळी नव्हतीच ते. आशाताई म्हनल्या होत्या न, पाळी परत येत नाई. दुखनं होतं. जखम झाली अन् रगत आलं, तं त्याले कोनी इटाळ म्हनते का?"

मंग माह्याकडं वळल्या. "मंग मी देवीची चोरी नाई केली?"
"नाई केली."
"काईच नाई केलं?"
"काईच नाई."

अन् रडल्या. सहा महिन्यांचं रडल्या. पदरानं तोंड पुसलं अन् म्हणतात, "मोठं ओझं उतरलं वं." कॅन्सर झालेली बाई म्हणते, ओझं उतरलं! मलेबी रडू आलं, पण वेगळ्याच कारणानं. चोरी नव्हतीच, तं लपवलं कायले? दोघींनी मिळून. एका इटाळापायी, जो नव्हताच.

२८ ऑक्टोबर, अकोला
काल भरती केलं. उद्या सकाळी नंबर आहे. रक्ताच्या दोन बाटल्या ह्यांनी अन् पोरानं दिल्या. मले नाई देऊ दिलं, अंगात रक्त कमी आहे म्हणे. मलेबी तपासून घ्या म्हणतात.

शेजारच्या खाटेवर रिठदकडची बाई आहे, तिचंही पिशवीचंच. तिनं विचारलं, तुमचं कसं समजलं हो? मं.बाई उशीले टेकून बसल्या अन् मोठ्यानं, साऱ्या वॉर्डाले ऐकू जाईल असं सांगितलं, "हे माही जाऊ. हिनंच ओळखलं. हिनंच दवाखान्यात आनलं. नाईतं मी मेली असती." ते बाई मले हात जोडून म्हणते, "अशी जाऊ साऱ्याइले भेटो."

मी मोसंबी सोलत होती. सोलतच राह्यली. मं.बाई हासून पाहून राह्यल्या होत्या, मी काई बोलन म्हणून.

उद्या ऑपरेशनच्या आधी सांगावं का, की आशाताई आल्या त्या दिवशी मी काहून गप बसली होती? का शुद्धीवर आल्यावर? का सांगूच नाई?