दोन बोटांची सरळ रेष

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? भावजी अजून सकाळी फिरायला जातात, की वर्तमानपत्र घेऊन दारातच बसतात? तीन वर्षांत मी लिहिलं नाही, तूही नाहीस. फोनवर आपण दोघं 'काय, बरं ना' याच्या पुढे कधी सरकत नाही, म्हणून कागद घेतला.

माझं काम तेच. कोल्ड स्टोरेजच्या तेरा खोल्या आणि प्रत्येक खोलीबाहेर थंडी मोजणारं एक यंत्र. त्यात कागद गुंडाळलेलं नळकांडं सावकाश फिरतं आणि एक बारीक लेखणी त्यावर रेष ओढत जाते. रेष वर गेली की खोली तापली. दिवसभर मी रेषा वाचतो. माणसांपेक्षा यंत्रांशी माझं बरं जमतं, हे तू लहानपणीच म्हणाली होतीस.

आता खरी बातमी. तुझ्या भाचीने हवाई दलात वैमानिक होण्यासाठी अर्ज केलाय आणि तिला बोलावणं आलंय. पाच मार्चला परीक्षा. लेखी नाही, यंत्रावरची. पडद्यावर एक टिंब पळत असतं. हातातल्या दांड्याने आणि पायातल्या पट्ट्यांनी त्याचा पाठलाग करायचा, त्याच वेळी कानात कोणी आकडे सांगत असतं, ते ऐकून बटण दाबायचं. हात, पाय, डोळे आणि कान एकदम चालतात का, ते बघतात. ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालं की पुन्हा अर्जसुद्धा घेत नाहीत. पोरगी हे वाक्य दिवसातून चारदा म्हणते.

मग मी काय केलं असेल? भंगारात काढलेलं एक नोंदयंत्र घरी आणलं. पंपाचा मोडका दांडा बसवला, जुन्या शिलाई मशीनची पायपट्टी जोडली, टिंब फिरवायला छोटी मोटर लावली. पोरगी दांडा हलवेल तशी लेखणी कागदावर रेष ओढते. टिंब एका जागी थांबतच नाही, त्यामुळे रेष सतत नागमोडी. आकडे वाचायचं काम तुझ्या भावजयीकडे. ती कणीक मळता मळता वाचते. विजेची बिलं संपली, आता नातेवाइकांचे फोन नंबर चाललेत. परवा तुझा नंबर आला. "विषम आकड्याला घंटी वाजवायची ना गं? आत्याच्या नंबरात सगळे विषमच," असं म्हणून दोघी हसत सुटल्या. मी म्हटलं, हे घर आहे की विमानतळ? तर लेक म्हणते, "विमानतळच. तुम्ही सामान उचला."

हात चांगला आहे तिचा. खरंच चांगला. मी तीस वर्षं रेषा पाहतोय, मला कळतं.

फक्त यंत्र जुनं आहे. रोज एकदा-दोनदा त्या नागमोडी रेषेत मध्येच दोन बोटं लांबीची अगदी सरळ रेष येते. एक बोट कागद सरकायला दोन सेकंद लागतात. पट्टा घसरत असणार. रविवारी बदलतो.

आणखी एक, सहज विचारतो. आपला धाकटा जेवताना घास हातात धरून थांबायचा, आठवतं? तू त्याला 'स्टॅच्यू' म्हणायचीस. किती वेळ थांबायचा तो? तू मोठी, तुला नीट आठवत असेल. काही विशेष नाही, असंच मनात आलं.

भावजींना नमस्कार.

तुझा भाऊ

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुझ्या चार ओळी मिळाल्या. पोरीला आशीर्वाद दिलास, ती खूश झाली. शेवटची ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. 'धाकट्याचं मला काही विचारू नकोस, ज्याने त्याची सायकल दुरुस्त केली त्याने तर मुळीच नको.' बत्तीस वर्षांत हे तू पहिल्यांदा लिहून पाठवलंस. बरं केलंस. नुसतं नजरेतून वाचायचं म्हणजे अंदाजाचं काम.

पट्टा बदलला. सरळ रेष गेली नाही. मोटर बदलली, लेखणीचा सांधा उघडून तेल दिलं, पायपट्टीची दोरी नवी घातली. रेष आहेच. माझी सवय तुला ठाऊक आहे, कुठे काही बिघडलं की मी आधी पाना शोधतो. मग एका दुपारी पोरगी बाहेर गेली असताना तुझ्या भावजयीला दांड्यावर बसवलं. तिची रेष म्हणजे कोंबडीने कागद विसकटलेला, पण सरळ कुठेच नाही. मी स्वतः अर्धा तास बसलो. नाही. पोरगी आली, बसली, आणि अकराव्या मिनिटाला लेखणी सरळ गेली. तिच्या आईने आकडा सांगितला, घंटी वाजली नाही. "अगं, सात म्हटलं मी! ऐकू नाही आलं?" आणि पोर म्हणते, "कधी म्हणालीस?" ती खोटं बोलत नव्हती. त्या चार सेकंदांत ती तिथे नव्हतीच, ताई. डोळे उघडे, हात दांड्यावर, आणि आत कोणी नाही.

त्यानंतर मी जे केलं ते देवासमोरसुद्धा अजून तोंडाने म्हटलेलं नाही. मी लेखणीला एक सैल स्प्रिंग लावली. मोटर चालू असेपर्यंत आता लेखणी आपोआप थरथरत राहते, त्यामुळे कोणाचाही हात थांबला तरी रेष सरळ दिसत नाही. यंत्र दुरुस्त करणारा माणूस मी, पहिल्यांदा यंत्राला खोटं बोलायला शिकवलं.

पहिल्यांदा म्हटलं, तेही खरं नाही.

त्या दुपारी मी दुसऱ्या सायकलवरून धाकट्याच्या मागेच येत होतो. रस्ता मोकळा होता, उतार नव्हता. कालव्याच्या पुलापाशी डावीकडे वळायचं असतं. तो वळलाच नाही. मी हाक मारली, दोनदा मारली. त्याची मान ताठ, पाय पायडलवर नुसते ठेवलेले, चाक आपल्या वेगाने जात होतं. तो ओरडला नाही, घाबरलासुद्धा नाही. ज्याला भीती वाटायला हवी होती तो तिथे नव्हता. लोकांनी कालव्यातून सायकल वर काढली तेव्हा मी सगळ्यात आधी ब्रेक दाबून पाहिला. घट्ट होता. मी लावला होता तसाच.

अण्णा मला घरामागे घेऊन गेले. म्हणाले, "ताईचं लग्न वीस दिवसांवर आलंय. घरात असलं दुखणं आहे असं त्या लोकांच्या कानावर गेलं तर उभ्या आयुष्यात तिला कोणी करून घेणार नाही. ब्रेक तू लावला होतास ना? मग ब्रेकच निसटला." मी सतरा वर्षांचा होतो. मान हलवली. तुला वाटलं, मी अपराधाने मान खाली घालून बसतो. तसं वाटू दिलं. अण्णा गेल्यावर तरी सांगता आलं असतं. पण तोवर मलाच सवय झाली होती.

हे मी तुझ्याकडून काही परत मिळावं म्हणून लिहीत नाही. लिहायचं कारण वेगळं आहे. परीक्षेआधी एक फॉर्म पाठवायचा होता. सतरावा प्रश्न, आईवडिलांच्या कुटुंबात कोणाला फेफरं, शुद्ध हरपणं, भान जाणं असा त्रास आहे किंवा होता का. पोरीने आधीच पेनाने 'नाही' लिहून ठेवलं होतं. तिला काका कसा गेला ते ब्रेकपर्यंतच माहीत. "बाबा, इथे सही," म्हणाली. माझ्या हातात पेन होतं, ती शेजारी उभी होती, नवीन कापलेल्या केसांची. मी सही केली.

तिच्या स्कूटरची किल्ली मात्र मी लपवलीय. हरवली म्हणून सांगितलंय. सगळं घर शोधतंय, मीही शोधतोय.

काय करू ते सांग. तू मोठी आहेस.

तुझा भाऊ

११ मार्च

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. नऊ पानं. अक्षर कुठे कुठे ओलं झालंय, ते मी तसंच वाचलं. तू माझी क्षमा मागितलीस ती मी ठेवून घेतो, पण तू काही चूक केली नव्हतीस. तुला जे दाखवलं ते तू पाहिलंस.

शेवटच्या पानावर तू लिहितेस, 'आता गप्प राहा. मी बत्तीस वर्षं सुखाने नांदले ती तुझ्या गप्प बसण्यावर. पोरीलाही उडू दे. चार सेकंदांसाठी तिचा जन्म मोडू नकोस. देव तिला सांभाळेल.' ताई, ही ओळ मी इतक्यांदा वाचली की पाठ झाली. मला तेच हवं होतं. मी तुला विचारलं ते तू हेच म्हणावंस म्हणून, हे आता कळतं.

ती पास झाली. एकोणऐंशी मुलंमुली आत गेली, नऊ राहिली. बाकीच्यांचे आईबाप फाटकाबाहेर त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते. आमची छातीवर नंबराचं कापड लावूनच धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घ्यायला बसलो.

"बाबा, आत एकदाही झालं नाही," ती हळूच म्हणाली.

"काय झालं नाही?"

"तुम्ही सैल स्प्रिंग लावलीत त्याचं कारण."

बशीत सांडलेला चहा मी परत कपात ओतला.

"मला रेष वाचता येते हो. तुमचीच मुलगी आहे. मध्ये तुमचे कागद घेऊन पाहिले, आधीचे आणि नंतरचे. मला कळतं ते यायच्या आधी. सगळे आवाज लांब जातात. तेव्हा मी दांडा पोटाशी घट्ट धरते, म्हणजे सुटत नाही."

"आणि विमानात?"

"सुरुवातीला शेजारी शिकवणारा असतो."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर. बाबा, तुम्ही काही बोलू नका हं. हे आयुष्यात एकदाच—"

आणि तिचा कप तोंडापाशी थांबला. रस्त्यावर गाड्या जात होत्या, टपरीवाला गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. मी मोजलं. एक, दोन, तीन, चार. मी पाचही मोजले. सहा. मग "—मिळतं," असं म्हणून तिने घोट घेतला. मध्ये काही झालंय हे तिला ठाऊक नव्हतं, तिला आवाज लांब जाताना ऐकू आले नव्हते. आधी चार असायचे, ताई.

आज वैद्यकीय तपासणी आहे. मी दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसून हे लिहितोय. सकाळी निघताना प्रार्थनेला बसलो आणि नेहमीसारखं 'तिला सांभाळ' म्हणणार होतो. शब्द आलाच नाही. ज्याला मी सांभाळायला सांगतो त्याने मला तो कागद आधीच दाखवलाय. आणखी किती स्पष्ट दाखवायचं त्याने? पुलापाशी मी मागे होतो, हाक मारण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं. आज आहे.

वीस मिनिटांपूर्वी तिला रक्ताचा नमुना द्यायला नेलं. मी मोठ्या डॉक्टरांच्या दारावर टकटक केली. स्प्रिंग लावण्याआधीचे सगळे कागद गुंडाळून पिशवीत आणले होते, ते टेबलावर उलगडले. सरळ जागा लाल पेन्सिलने दाखवल्या. धाकट्याचं सांगितलं. फॉर्मवरची सही माझी आणि ती खोटी, हेही सांगितलं. डॉक्टर माझ्याहून लहान असतील. त्यांनी बोटाने एक सरळ रेष मोजली, मग दुसरी मोजली. म्हणाले, "काका, यावर औषध आहे. बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो, शिक्षण, नोकरी सगळं होतं. पण उडणं नाही. तुमच्या लक्षात येतंय ना?"

"येतंय," म्हटलं.

"मुलीला माहीत आहे, तुम्ही इथे आलात ते?"

"नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "मग तिला मी सांगू, की तुम्ही?"

मी म्हणालो, मी सांगतो. ते म्हणाले, आता ती माझ्याकडेच येईल, मला विचारावंच लागेल. पण आधी तुम्हाला दोन मिनिटं देतो.

तू रागावशील. तुझी भावजयसुद्धा रागावेल, तिला मी अजून काही बोललेलो नाही. रागावण्याचा हक्क सगळ्यांना आहे आणि सगळ्यांत जास्त तिला. कदाचित तीही बत्तीस वर्षं माझ्याशी 'काय, बरं ना' याच्या पुढे जाणार नाही. ती बत्तीस वर्षं जिवंत असेल, तेवढं पुरे, असं मी मनाशी म्हणतोय आणि ते पुरे होत नाहीये.

बोळाच्या टोकाला ती दिसतेय. कोपरात कापूस दाबून धरलाय, शेजारच्या मुलीला काहीतरी सांगून हसतेय. मला पाहून हात वर केलाय. मीही केला.

आता उठतो.

तुझा भाऊ,
आणि हा बाक सोडेपर्यंत तिचा लाडका बाप