चौथ्या खोक्याला पाणी कोणी घातलं?

ती. मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. तुमची कंबर, मामींचा गुडघा आणि विहिरीवरचा पंप, तिघांच्याही तब्येती आता सुधारल्या असतील (मागच्या पत्रात तिघेही कुरकुरत होते). मी बरा आहे. म्हणजे प्रकृतीने.

तुम्ही पाठवलेल्या गव्हाचं काय झालं, ते सांगायला हे पत्र. दहा वर्षं मी आठवीच्या वर्गात फळ्यावर खडूनेच पेरणी करत आलो. यंदा म्हटलं, खरीखुरी करू. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बी पाण्यात टाकलं, तरंगणारं पोचट बी काढलं, उरलेलं बोटाच्या पेराएवढं खोल पेरलं आणि प्रयोगशाळेबाहेर व्हरांड्यात चार खोकी मांडली. उगवेपर्यंत सगळ्यांना सारखं पाणी. मग पहिल्याला पाणी, ऊन, खत, सगळे लाड, दुसरं उन्हाविना कपाटात, तिसरं खताविना, आणि चौथ्याचं पाणी बंद. चौथ्याला जो पाणी घालेल त्याने हा धडा दहा वेळा लिहून काढायचा, असं मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं (ही ऐट पुढे नडली). शनिवारी निरीक्षक येणार, तोवर चौथं खोकं वाळलेलं दिसायला हवं होतं.

झालं भलतंच. पहिलं खोकं पिवळं पडून कुजलं. मुळांना हवाही लागते हे मी शिकवलं होतं, पण चाळीस मुलांनी प्रत्येकी एक पेला प्रेम ओतल्यावर हवेला जागा कुठली? कपाटातला गहू उंच वाढला, पण आजाऱ्यासारखा पांढराफटक. तिसरा मजेत. आणि चौथा, ज्याला मी तहानेची शिक्षा दिली होती, तो हिरवागार.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला सगळे प्रश्नपत्रिका म्हणतात. तिने सोमवारी शाळा सुटताना, कोणालाही न सांगता, चौथ्या खोक्याभोवती जमिनीवर खडूची पूड पसरली. (त्या कोपऱ्यातला दिवा गेले दोन महिने बंद आहे, पूड कोणाला दिसणार?) मंगळवारी सकाळी पुडीत तीन जणांचे ठसे. स्लिपर शिपाईकाकांची निघाली. त्यांनी जराही न लाजता कबूल केलं, म्हणाले, जीव आहे तो, जाता येता कसं बघायचं? उंच टाचेची चप्पल मोठ्या बाईंची. त्यांनी म्हणे फक्त बाटलीतलं उरलेलं पाणी ओतलं होतं, रोज. तिसरा ठसा बुटाचा, डावी टाच झिजलेली. तो कोणाचा, ते कळलं नाही.

प्रश्नपत्रिकेने ठसा वहीत काढून घेतला. मग जवळ येऊन हळूच विचारलं, "सर, निष्कर्षात खरं लिहायचं, की पुस्तकातलं?"

मी म्हटलं, घंटा झाली. मामा, विज्ञानात खोटं चालत नाही असं या मुलांना मीच सांगतो. त्या पोरीसमोर मान खाली घालावी लागली, याचं फार वाईट वाटतं.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. खताविना गहू इतका मजेत कसा? बियांतली शिदोरी किती दिवस पुरते, ते कळवा. पोरगी विचारून विचारून जीव खाते आहे.

ता. क. २. तो तिसरा बूट माझा. सगळे गेल्यावर मी अर्धा पेला घालत होतो. माना टाकलेली ती रोपं मला बघवेनात. तुमचा एखादा जुना जोड, सरळ टाचेचा, शनिवारच्या आत पाठवता येईल का? खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. ३. बूट नकोत. पाकीट चिकटवायच्या आत वर्गात जाऊन सांगून टाकलं. प्रश्नपत्रिकेने वही उघडून दाखवली. माझं नाव तिने सकाळीच पेन्सिलने लिहून ठेवलं होतं. माझ्यासमोर ते पेनाने गिरवलं आणि म्हणाली, आता खरं झालं. तिसऱ्यांदा धडा लिहितो आहे, सात वेळा बाकी. गहू मात्र थोडा जास्त पाठवा. निरीक्षकांसमोर नव्याने पेरायचा आहे, आणि चौथ्या खोक्यावर पहारा ती ठेवणार आहे, म्हणजे माझ्यावर.