बाईसाहेब सुरू होत नाहीत

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (पायांवर डोकं ठेवतो असं लिहिणार होतो, पण गेल्या आठ महिन्यांत कमरेची अशी काही दशा झाली आहे, की एकदा वाकलो तर मला उठवायला तुलाच यावं लागेल.) भावजींची शुगर, तुझे गुडघे आणि तुमच्या जिन्यातला तो कधीच न लागणारा दिवा या तिन्हींत काही सुधारणा असेल अशी आशा करतो. इकडे तुझी भावजय बरी आहे, मी बरा आहे, बाबांचं पुढे लिहितोच.

तुझं पत्र पोचलं. चार पानांपैकी साडेतीन पानं गाडीवर आहेत, उरलेल्या अर्ध्या पानात मी लहानपणापासूनच कसा होतो ते आहे. ‘बाप आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो आणि मुलगा शर्यतीची गाडी घेऊन बसतो’ हे वाक्य मी तुझ्या भावजयीला मुद्दाम वाचून दाखवलं. तिचं मत पडलं की ताईंनी फारच मवाळ लिहिलंय. व्हीलचेअर आत जाईल अशी उंच, साधी, नवी गाडी घ्यायला काय झालं होतं, हा तुझा प्रश्न शंभर टक्के रास्त आहे. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस, आणि माझ्या दारात उभी काय, तर पंधरा वर्षं जुनी, चौथ्या मालकाकडे आलेली, आठ सिलिंडरची काळी गाडी. हिच्या मीटरवर तीनशेचा आकडा आहे. आम्ही अजून पन्नासच्या पुढे गेलेलो नाही, आणि पन्नासला गेलो त्या दिवशी बाबांनी मला दवाखान्यापर्यंत झापलं होतं.

पण घेतली का, ते एकदा ऐकून घे. गेल्या वर्षाच्या अखेरीस एका मंगळवारी बाबा खुर्चीतून उठेचनात. तोंडाने ‘नाही’ म्हणाले नाहीत. (बाबा आयुष्यात कधी कुणाला ‘नाही’ म्हणालेत? तू आठ वर्षांची असताना साहेबांच्या फाटकापाशी भोकाड पसरलं होतंस, गाडीत मागच्या सीटवर एकदा तरी बसू दे म्हणून. ‘हो हो, बसवू या हं’ म्हणत बाबांनी तुला सायकलवर घालून घरी आणलं होतं.) तसंच त्या दिवशी. ‘हो, निघू या’ म्हणायचे आणि बसून राहायचे. दोन खेपा लागोपाठ चुकल्या तर पुढची हमी देता येणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी मला स्वच्छ सांगितलेलं. मी हवालदिल झालो. त्याच आठवड्यात आमच्या दुकानासमोर जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात ही बया येऊन उभी राहिली. बाबा चालवायचे ती साहेबांची शेवटची गाडी होती ना, तिचीच थोरली बहीण म्हण. मी बाबांना नुसती बघायला म्हणून नेलं. बाबा तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून आले, आणि काठी माझ्या हातात राहिली होती. मग मी पुढचा विचार केला नाही.

आता हिचे गुण. ही रात्रभरात खाली बसते. अक्षरशः. चाकांच्या वर हवेच्या पिशव्या आहेत, त्या गळतात, आणि सकाळी बघावं तर गाडीने जमिनीवर बैठक मारलेली. मग बटण दाबायचं आणि म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून उठते तशी ती उठेपर्यंत वाट बघायची. सुरू होताना अशी डरकाळी फोडते की पलीकडचे निवृत्त हेडमास्तर आता गजर लावत नाहीत. मंगळवार, गुरुवार, शनिवार सव्वासहाला ते आमच्या भरवशावर उठतात आणि आम्हाला शिव्या घालत चूळ भरतात. दवाखान्याच्या रस्त्यावर तीन गतिरोधक आहेत. ते सरळ ओलांडले तर गाडीचं पोट घासतं, म्हणून तिरपे, एकेक चाक चढवत, मागच्यांचे हॉर्न खात ओलांडायचे. आत एक बाई बोलते. आधीच्या कुठल्या मालकाने तिची भाषा बदलून ठेवली आहे. ती कुठली ते आजवर आलेल्या तिन्ही मेकॅनिकना कळलेलं नाही, पण बोलण्याचा सूर बघता आमचं काहीतरी चुकतंय एवढं नक्की. बाबा प्रत्येक वेळी मान तुकवून ‘हो बाईसाहेब’ म्हणतात. तेव्हापासून गाडीचं नाव बाईसाहेब.

सीट इतकी खोल की बाबांना आत घालणं सोपं, बाहेर काढणं महाकठीण. मी बगलेत हात घालतो, तुझी भावजय पुढून हात धरते, आणि बाबा स्वतःच सूचना देतात, ‘डावीकडे घे, अजून थोडं, बस बस, आता सरळ’, जणू आम्ही त्यांना अरुंद गल्लीतून रिव्हर्समध्ये काढतोय. दवाखान्याचा पहारेकरी आम्हाला सलाम ठोकतो. दुकानाचे मालक, जे मला बावीस वर्षं ‘अरे’ म्हणत आले, ते आता ‘अहो’ म्हणतात आणि गल्ल्याजवळ फिरकू देत नाहीत. हे सगळं मी हसत सोसलं ताई, कारण बाबा जात होते. सहा महिने एक खेप चुकली नाही. साडेपाचला उठून, तो जुना पांढरा गणवेश इस्त्री करून, गळ्यापर्यंत बटणं लावून दारातल्या खुर्चीत बसायचे. माणूस चार तास सुया टोचून घ्यायला निघालाय असं कुणाला वाटलं नसतं.

मग बाईसाहेब सुरू होईनाशा झाल्या. आधी एका गुरुवारी. मग पुढच्या आठवड्यात शनिवारी. बटण दाबलं तर आवाज नाही, दिवा नाही, बाईसुद्धा गप्प. टॅक्सी बोलवावी तर बाबा जागचे हलत नाहीत, कारण बंद पडलेली गाडी सोडून ड्रायव्हर जात नसतो. (चौतीस वर्षांच्या नोकरीतला नियम. तो मोडायला मी कोण?) मी मेकॅनिकला आणायला धावायचो, तोवर साडेसात वाजायचे आणि दवाखान्यात बाबांचं मशीन दुसऱ्याला लागायचं. आणि मेकॅनिक आला रे आला की बटणाला बोट लागताच बाईसाहेब डरकाळी फोडायच्या. पहिल्या मेकॅनिकने हवामानाला दोष दिला. दुसऱ्याने आधीच्या मालकाला. तिसरा, ज्याला मी वैद्य म्हणतो कारण तो बॉनेटवर हात ठेवून डोळे मिटतो, त्याने लॅपटॉप जोडला, अर्धा तास त्यात डोकं घातलं आणि म्हणाला, गाडीत काही दोष नाही, तुम्ही घरात बघा. मला त्याचा राग आला होता.

सात आठवडे हे चाललं. आठवड्याला एक खेप तरी बुडायची. बाबांचे पाय सुजले, चेहरा सुजला, जिना चढताना ते दर पायरीवर थांबायला लागले. मी गाडीला लाथा घातल्या. खरंच घातल्या, डावा अंगठा अजून काळानिळा आहे. विकून टाकतो म्हटलं तर बाबा म्हणाले, ‘हो, विकू या’, आणि उठून तिच्या काचा पुसायला गेले.

गेल्या शनिवारी मला उलगडा झाला, तोही घड्याळामुळे. वैद्याला घेऊन आलो, बाईसाहेब नेहमीप्रमाणे लगेच सुरू झाल्या, आणि माझी नजर आतल्या घड्याळावर गेली. खरी वेळ आठ वाजून दहा मिनिटं. गाडीचं घड्याळ म्हणत होतं, बारा वाजून अकरा. ते म्हणे बॅटरीचा संबंध तुटला की पुसलं जातं आणि परत जोडली की बारापासून चालू होतं; वैद्याने हे सहज, पुढ्यातला चहा फुंकत सांगितलं. म्हणजे कुणीतरी बॅटरी अकरा मिनिटांपूर्वी जोडली होती. अकरा मिनिटांपूर्वी गाडीपाशी एकच माणूस होता, हातात फडकं घेतलेला. मी दिवसभर लोकांच्या नजरा दुरुस्त करून देतो, ताई, आणि माझ्या दारातलं मला सात आठवडे दिसलं नाही.

बाबांच्या गणवेशाच्या खिशात दहाचा पाना निघाला. बॅटरीच्या तारेची पट्टी सैल करायला तेवढा पुरतो. ते चिडले नाहीत, लाजलेही नाहीत. वैद्य निघून जाईपर्यंत थांबले (दुसऱ्यासमोर घरचं बोलायचं नाही, हाही नियमच) आणि मग म्हणाले, ‘साहेबाला नाही म्हणायचं नसतं रे. गाडी नाही म्हणाली की कुणाचा अपमान होत नाही.’

मी म्हणालो, ‘बाबा, मी काय तुमचा साहेब आहे का?’

‘दार तू उघडतोस, किती वाजता निघायचं ते तू ठरवतोस, कुठे जायचं तेही तूच ठरवतोस. मग साहेब कोण?’

आणि मग त्यांनी ते सांगितलं. मी जन्मलो त्या दिवशी साहेबांना परगावी जायचं होतं आणि नेमकी गाडी बंद पडली, म्हणून बाबा आईजवळ पोचले, ही गोष्ट आपण किती वेळा ऐकली. आई ती नशीब म्हणून सांगायची. नशीब कसलं! बाबांनी पट्टी काढून ठेवली होती. चौतीस वर्षांत एकदाच. ‘तुझ्या वेळेला काढली,’ म्हणाले, ‘आणि आता.’

मला रडू आलं आणि रागही आला. मी पाना काढून घेतला. तो दुकानात काचांच्या कपाटात कुलपात ठेवला आहे. तेव्हा ताई, दोष सापडला, इलाज झाला, मंगळवारपासून बाईसाहेब वेळेवर निघतील आणि बाबाही. तू उगाच काळजी करू नकोस. एवढ्या लांबून यायची तर अजिबात गरज नाही, तुझी रजा वाया जाईल. भावजींना नमस्कार. दिव्याचं बघा, कुणीतरी पडेल.

तुझा,
धाकटा

ता.क. वरचं पत्र सोमवारी लिहिलं, पण टपालात टाकायचं राहिलं. आज गुरुवार. मंगळवारी बाईसाहेब वेळेवर सुरू झाल्या आणि आम्ही गेलो. वाटेत आतली बाई बोलली, तर बाबा ‘हो बाईसाहेब’ म्हणाले नाहीत. ते मशीनवर असताना मी डॉक्टरीणबाईंना भेटलो. त्यांना दोन महिने माहीत होतं. आता पुरे, असं बाबांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, आणि बाबा पूर्ण भानावर आहेत, हा त्यांचा हक्क आहे असं त्या म्हणाल्या. फक्त मुलाला तुम्ही स्वतः सांगा, असं त्यांनी बजावलं होतं. बाबा ‘हो, सांगतो’ म्हणाले होते. परत येताना मी विचारलं, एवढं काय झालं? तर म्हणाले, एक दिवस सुया, दुसऱ्या दिवशी अंथरूण, तिसऱ्या दिवशी परत सुया. आठवड्यात माझा म्हणून एक सोमवार उरतो, आणि त्या दिवशी बाईसाहेबांच्या काचा पुसण्याइतकंही बळ उरत नाही.

काल दुकानातून निघताना मी कपाट उघडलं. आज पहाटे पट्टी मी काढली. सव्वासहाला बाबा गणवेश घालून खुर्चीत बसले होते, मांडीवर पिशवी. मी बाहेर गेलो, बटण दाबलं, थोडा वेळ उगाच उभा राहिलो आणि आत येऊन म्हणालो, ‘बाबा, गाडी सुरू होत नाही.’ बाबांनी गळ्याचं बटण सोडलं आणि म्हणाले, ‘होतं असं. जुनी झाली ती.’ मग दोघांनी चहा घेतला. पलीकडे हेडमास्तर साडेआठपर्यंत झोपून राहिले.

ता.क. २. यायची गरज नाही असं वर लिहिलंय ते खोडायचं राहिलं. ताई, ये. हे पत्र टपालाने नको, तुमच्या गावी निघालेल्या वैद्याच्या भावाबरोबर देतोय, उद्या तुझ्या हातात पडेल. डॉक्टरीणबाई आज फोनवर म्हणाल्या, मशीन थांबवल्यावर आठवडा, फार तर दहा दिवस. त्रास होणार नाही असं औषध त्या देणार आहेत. रविवारच्या आत पोच.

ता.क. ३. आल्यावर रडायचं नाही आणि पान्याचा विषय काढायचा नाही. दुपारी बाबांनी माझ्याकडून मागची सीट पुसून घेतली, स्वतः खुर्चीत बसून डाग दाखवत होते. म्हणाले, ताईला मागे बसवायचंय, फाटकापाशी तिला हो म्हणालो होतो. गाडी दारातच उभी राहील. स्टिअरिंग वळवण्याचं बळ त्यांच्या हातात नाही, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवायचं काम मी आणि तुझी भावजय करू. तू मागे बसायचंस, आणि कुठे जायचं ते सांगायचंस. पट्टी मी परत लावून ठेवली आहे.