आईच्या साडीची मेणकापडं

अप्रिय आत्या,

तू गेलीस, आणि काल तुझं पुण्यानुमोदन झालं. माईकवर एकेक जण उठून तेच बोलत होता, "ताईंनी आयुष्यात काही वाया घालवलं नाही." मी मागे खुर्च्या लावत होते. मला कोणी बोलायला बोलावलं नाही. वाचलीस! म्हणून हे लिहितेय.

आई गेली तेव्हा मी नववीत. तू बदलापूरहून पिशवी घेऊन चार दिवसांसाठी आलीस आणि कॅम्प पाचच्या आमच्या खोलीत राहिलीसच. राहा गं. पण कपाटाला हात कशाला लावलास?

त्या दिवशी शाळेतून आले तर घरभर मधाचा वास. वाटलं, काहीतरी गोड केलंस. कसलं गोड! वांगणीच्या मधवाल्याकडून मेणाचा गोळा घेतला होतास. खोबऱ्याच्या किसणीवर तो किसून, चिमूटभर राळ टाकून, कापलेल्या कापडाच्या तुकड्यांवर पसरून वरून कागद घालून इस्त्री फिरवत होतीस. कागद उचललास आणि खाली पांढऱ्या सुतीवर निळा काठ दिसला.

"आत्या, ही आईची जयंतीची साडी आहे!"

"मग? कपाटात ठेवून पूजा करणार का तिची? पूजा सोडली ना आपण?"

कॉलेजात गेल्यावर चौदा एप्रिलला, जयंतीला तीच नेसायची होती मला. तुला सांगितलं होतं की नाही? सांगितलं होतं!

"मग तुझी पांढरी काप ना!"

"माझी नायलॉनची गं. मेण सुतीलाच धरतं."

मग काय, पप्पांची भाकरी रोज आईच्या काठात बांधून अंबरनाथच्या कारखान्यात. "मऊ राहते गं ताई," एवढंच बोलले पप्पा. शेजारच्या सिंधी आंटीनेही दोन तुकडे नेले. "बहनजी, क्या चीज़ बनाई! पापड एकदम कड़क!" माझी आई लोकांचे पापड सांभाळत होती. मी कॉलेज संपेपर्यंत पेपरात गुंडाळलेली चपाती नेली. दुपारपर्यंत तिचा पुठ्ठा व्हायचा. तुझ्या नाकावर टिच्चून खाल्ला तो पुठ्ठा!

आज सकाळी तुझी पेटी उघडली. तुझी ती पांढरी नायलॉनची, डांबरगोळ्यांत, कडक घडी. घेतली कात्री. मेण किसलं, पसरलं, इस्त्री ठेवली. साडी आक्रसली, काळी झाली, इस्त्रीला चिकटून बसली. धूर!

पप्पा बाहेरून ओरडले, "काय जळतंय गं?"

"आत्या!" म्हटलं मी.

पप्पा आत आले, इस्त्रीकडे बघितलं. "सांगायची ना ती, सुतीलाच धरतं म्हणून," बोलले आणि खिडकी उघडली. मेल्यावर पण तूच बरोबर? किती राग येतो, माहितीय?

बाकीची मेणकापडं विरून गेली. डब्यांच्या फळीवर एकच उरलंय, कडेला निळा काठ असलेलं. दर वेळी ओरडायचीस ना, "गरम पाणी लावू नको गं, मेण निघून जाईल!" जाऊ दे. तेच करणार आहे.

आत्या, ऐक. मोठ्या पातेल्यात ते उकळणार. वर तरंगेल तेवढं तुझं, ते कचऱ्यात. खाली उरेल ते माझं. स्वतःच्या पगारातून पांढरी सुती साडी घेणार, त्या काठाचा तुकडा पदराला शिवणार आणि जयंतीला नेसून पप्पांच्या समोर उभी राहणार. या वेळी त्यांना काठ दिसल्याशिवाय हलणार नाही. आणि त्या पदरात कधी कुणाची भाकरी बांधणार नाही.

तुझी नाही, तिची,
सुजाता