राणोचा पान्हा

फगवाडा, ९ डिसेंबर

प्रिय हरबीर,

सत श्री अकाल. वैशाखीपासून तुला एक ओळही लिहिली नाही, माफ कर. शाळेच्या परीक्षा, गव्हाची पेरणी ही कारणं खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. फोनवर बोलता येत नाही, कारण फोन आता तुझ्या आईच्या, बेबेच्या खाटेवरच असतो. शेजारची छिंदो शनिवारी सुनेच्या बाळंतपणाला तुमच्याकडे टोरांटोला निघाली आहे, तिच्या हाती हे पाठवते. एकटी असताना वाच.

बेबे बरी आहे. मांडीच्या हाडात सळई बसवली, टाके निघाले. परवा म्हणाली, "सिमरत, तुझ्या सरसोंच्या भाजीत मीठ शोधायला चष्मा लावावा लागतो." म्हणजे बरीच आहे.

ती कशी पडली, असं तू विचारलं होतंस. धार काढताना राणो म्हशीनं लाथ मारली, असं तुझ्या भावानं, वीरजींनी सांगितलं. ते खरं आहे. त्याआधी त्यांनी बुलेटला नवा सायलेन्सर बसवला होता, हे मात्र सांगितलं नसेल.

गोठ्याच्या जागेवर त्यांना भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत, हे तुला ठाऊक आहे. बेबेचं उत्तरही ठाऊक आहे. गुरुद्वाऱ्याच्या अंगणात चारचौघांत बोलली होती, "राणो दूध देते तोवर गोठ्याच्या विटेला हात लावायचा नाही. आटली की मीच दावं सोडून देईन." चारचौघांतला शब्द. मोडणार कोण?

उन्हाळ्यात गल्लीतून एक वरात गेली, फटाके उडाले आणि त्या संध्याकाळी राणोनं पान्हा चोरला. जेवताना वीरजींनी विचारलं, असं का होतं? मी जीवशास्त्र शिकवते. मी नीट समजावून सांगितलं, की जनावर भ्यालं की दूध उतरत नाही, आणि रोजच भ्यालं तर हळूहळू आटतं.

"रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज," मी म्हटलं.

त्यांनी का विचारलं, हे मला तेव्हाच कळलं होतं का? मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. कळलं होतं.

एका रविवारी अंगणात पोतं अंथरून आम्ही दोघं बसलो. जुना सायलेन्सर निघेना, इंजिनाजवळचा नट गंजून बसलेला. वीरजींच्या शिव्या ऐकून बेबे गोठ्यातून मोहरीच्या तेलाची वाटी घेऊन आली.

"सरक तिकडे. राणोच्या सडांना लावते तेच तेल आहे. घट्ट झालेल्याशी भांडायचं नसतं, पुत्तर." तिनं बोटानं थेंब थेंब सोडलं. थोड्या वेळानं नट फिरला.

"बघ! तुझ्या बापानं तुला एवढं जरी शिकवलं असतं, तर आज विलायतेत असतास."

"विलायतेत तुझी राणो नसती, बेबे."

"म्हणून तर शिकवू दिलं नाही."

नवा नळा आखूड होता. त्याच्या तोंडातली आवाज दाबणारी जाळी वीरजींनी आधीच उपसून काढली होती. मी नळा उचलून धरला, त्यांनी नट आवळले. मग वाटीत तांब्याची रिंग राहिलेली दिसली. ती इंजिन आणि नळा यांच्यामध्ये बसते.

"ऐका, ही राहिली. फटीतून हवा आत जाईल, फटाके फुटतील."

"राहू दे," ते हसले. "फुटू देत की."

मी ती रिंग पुसून फळीवर ठेवली. त्यांनी गाडी चालू केली, मूठ पिळली आणि सोडली. गल्लीतली कुत्री पळाली. बेबेनं कानांवर हात ठेवले आणि हसत सुटली. "मेल्या, लढाईवर निघालास का?"

त्यानंतर रोज दोन्ही वेळा, धारेला बसायच्या सुमाराला. बेबेला गाडीचा संशय आला नाही. मुलगा फिरायला जातो, एवढंच. तिनं राणोच्या गळ्यात काळा दोरा बांधला, गूळ-ओवा चारला आणि शेवटी ठरवलं, की छिंदोची नजर लागली. जन्माची मैत्रीण, तिच्याशी बोलणं सोडलं. छिंदो मला अजून विचारते, "मी त्या म्हशीचं काय घोडं मारलं गं?"

दूध कमी झालं. पण पुढे ते पुन्हा वाढायला लागलं. जनावर आवाजाला सरावतं, हेही मी वर्गात शिकवते.

हरबीर, त्या संध्याकाळी वीरजी घरी नव्हते.

गाडी मी ढकलत गोठ्याच्या भिंतीशी नेली. सरावलेल्या जनावराला आवाज जवळून हवा आणि अवचित हवा. कुणी मला सांगितलं नव्हतं. बेबे आत राणोशी लाडानं बोलत होती. भांड्यात धारांचा आवाज जड होईपर्यंत मी थांबले. मग बटण दाबलं, मूठ पूर्ण पिळली आणि सोडली.

आधी भांडं लवंडल्याचा आवाज आला. बेबेचा नंतर.

मी धावले. पण त्याआधी गाडी बंद करून नीट स्टँडवर लावली. हे तुला का सांगतेय, मला ठाऊक नाही.

जमिनीवर पडल्यापडल्या ती म्हणाली, "तिला मारू नका. तिची चूक नाही."

बेबे दवाखान्यात असतानाच व्यापारी राणोला घेऊन गेला. बेबेला सांगितलंय, की ती मळ्यावर आहे. गोठ्याच्या विटा उतरवतायत त्याचा आवाज येतो, तर राणोसाठी नवं छप्पर घालतोय म्हणून सांगितलं. दूध डेअरीतून येतं. "पातळ झालंय," ती म्हणते, "सरकी घालत नाहीत तिला." फोटो हवा म्हणाली, तेव्हा मी दुसऱ्या कुणाच्या म्हशीचा दाखवला. "हडकली गं माझी राणो," म्हणून फोनवरून हात फिरवत राहिली.

मळ्यावर जायचंय म्हणून ती दात-ओठ खाऊन पाय हलवते. डॉक्टर खूश आहेत. राणो नाही हे कळलं, तर ती पुन्हा पाय उचलणार नाही. म्हणून हे पत्र. क्षमा मागण्यासाठी नाही. ती तू देऊ नयेस. फोनवर बोलशील तेव्हा तिला राणोबद्दल विचार. ती सांगेल ते ऐक. मध्येच रडू नकोस.

छिंदो निघाल्याचं कळल्यावर बेबे म्हणाली, "तिच्या हाती राणोच्या दुधाचा खवा नको... असू दे, पाठव. लेकीच्या तोंडी तरी पडेल." तो या पत्राबरोबर येईल. खा किंवा टाकून दे, पण तिला म्हण, की गोड होता.

आता तूही आमच्यातलीच झालीस, याचं मला वाईट वाटतं आणि थोडं बरंही वाटतं.

तुझी भाभी,
सिमरत

(कागदाच्या मागे, पेन्सिलीनं) उद्या: डेअरीतून खव्यापुरतं जास्तीचं दूध आणणे.