पहिल्या नजरेची दुआ आणि आजीचा चष्मा

पेकालोंगान, मंगळवार दुपार

आदरणीय मस्रुरो मावशीस,

तुझ्या भाचीचा, खिल्माचा, वाकून सलाम. आम्ही चौघेही मक्का-मदिनेहून सुखरूप परत आलो. तुझी तब्येत कशी आहे? गुडघा दुखायचा थांबला का? शिवणयंत्रावर फार वेळ बसत जाऊ नकोस. आणि तुझ्या त्या एकडोळ्या मांजराचं कसं चाललंय? (मला मांजराबद्दल कसं कळलं याचं आश्चर्य वाटून घेऊ नकोस. बाबांना सगळं माहीत असतं, ते फक्त बोलत नाहीत. तुझा सेमारंगचा पत्ता अकरा वर्षं त्यांच्या टोपीच्या अस्तरात आहे. परवा टोपी धुवायला काढली तेव्हा तो माझ्या हाती पडला, मागे बाबांच्या अक्षरात 'गुडघा, शिवणयंत्र, एकडोळं मांजर' अशी नोंद होती, आणि तो कसा पडला हे बाबांनी मुद्दाम पाहिलं नाही.) तू आमच्या घरचा फोन उचलत नाहीस म्हणून हे कागदावर. घरात मक्केहून आणलेलं झमझमचं पवित्र पाणी प्यायला अख्खी गल्ली लोटली आहे, म्हणून कापड रंगवायच्या खोलीत निळीच्या पिंपामागे बसून लिहिते आहे. कागदावर निळे डाग दिसले तर ते अश्रू समजू नयेत.

तर सुरुवातीपासून सांगते. उमऱ्याच्या यात्रेला जायचं ठरलं तेव्हाच आमच्या गटाचे मार्गदर्शक उस्ताद सुयुती यांनी पहिल्या बैठकीत सांगितलं, की काबा आयुष्यात पहिल्यांदा नजरेला पडतो त्या क्षणी मागितलेली दुआ कबूल होते असं लोक मानतात, तेव्हा काय मागायचं ते नीट ठरवून या. बाकीच्यांनी हे ऐकलं आणि डबा उघडला. आईने ऐकलं आणि वही उघडली. तू तिची धाकटी बहीण, तुला काय सांगायचं? आईच्या हाती काही फुकट मिळालं की ती ते वाया जाऊ देत नाही. तिने त्या एका क्षणासाठी एकच मागणं ठरवलं: माझं लग्न मुघनीशी व्हावं. मुघनी म्हणजे रंगांच्या दुकानवाल्या हाजी मस्दुकींचा मुलगा. माणूस वाईट नाही गं. पण मला बघायला आला तेव्हा सोबत पिंजरा घेऊन आला. त्यात त्याचा गाण्याच्या स्पर्धेतला पक्षी होता, आणि दीड तासात मुघनी जे काही बोलला ते त्या पक्ष्याशी. जाताना मला म्हणाला, "तुमचा आवाज चढा आहे, त्याला त्रास होतो." आईला यात संसाराची गोडी दिसली.

आता माझी बाजू ऐक. सेमारंगच्या नौकानयन संस्थेत माझी निवड झाली आहे. तीन वर्षं शिकायचं आणि मग जहाजावर अधिकारी म्हणून चढायचं. एक सप्टेंबरला हजर व्हायचंय, नाहीतर जागा दुसऱ्याला जाते. निवडीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी वाचलं, घडी घातली, चहा प्यायला आणि म्हणाले, "समुद्रावर वारा फार असतो." एवढीच त्यांची परवानगी, एवढाच त्यांचा विरोध. आईला सांगायची माझी छाती झाली नाही. (अकरा वर्षांपूर्वी तू आईने ठरवलेल्या स्थळाला नाही म्हणून पिशवी उचलून निघालीस, तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि दाराआड उभी होते. आई म्हणाली, "गेलीस तर परत बोलावणार नाही." तू म्हणालीस, "बोलावल्याशिवाय येणारही नाही." दोघींनी शब्द पाळला. तुमच्या घराण्यात शब्द फार पाळतात, हीच मोठी अडचण आहे.) म्हणून मीही ठरवलं, की पहिल्या नजरेची माझी दुआ जहाजासाठी. म्हणजे एकाच दारात एकाच वेळी एकाच घरातून दोन उलट अर्ज जाणार होते.

तीन महिने आईचा सराव चालला होता. तांदूळ निवडताना, कपडे वाळत घालताना, पुटपुट सुरूच. मक्केला पोचलो त्या सकाळी तिने आम्हाला रांगेत लावलं. पुढे बाबा, मग ती, मग चाकाच्या खुर्चीत आजी, आणि खुर्ची ढकलायला मी. सगळ्यांनी मान खाली, नजर पायाच्या अंगठ्यावर. उस्ताद सुयुती म्हणाले, "आता वर बघा." आम्ही पाहिलं. आणि मावशी, थट्टा बाजूला ठेवून सांगते, लहानपणापासून नमाजच्या चटईवर ज्याचं चित्र बघितलं ते समोर उभं होतं, आणि माझं जहाज, संस्था, एक सप्टेंबर, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. मी नुसती रडत राहिले. काहीही मागितलं नाही. आणि तेवढ्यात पुढे उभी असलेली आई दोन्ही हात वर करून, डोळ्यांतून धारा वाहत असताना, खणखणीत आवाजात म्हणाली, "या अल्लाह, मी गॅस बंद केला होता ना?"

आईने झटकन तोंडावर हात ठेवला. पण शब्द निघून गेला होता. तिने लगेच पेकालोंगानला, आमच्या शेजारच्या तुमिना काकूंना फोन लावला. किल्ली त्यांच्याकडे होती. चार मिनिटांत निरोप आला: गॅस बंद आहे, वरचं बटणही बंद आहे, आणि दुधाचं भांडंसुद्धा धुतलेलं आहे. दुआ इतक्या लवकर कबूल झालेली उस्तादांनीही पाहिली नव्हती. आई जमिनीवर बसली आणि म्हणाली, "तीन महिने, आणि गेली ती सिलिंडरवर." बाबांना विचारलं तुम्ही काय मागितलं. ते म्हणाले, "मला कोणी काही विचारू नये, एवढंच." त्यांची मात्र लगेच नामंजूर झाली.

इथून खरी गंमत सुरू होते. आई डोळे पुसत आजीकडे वळली, "आणि आई, तू काय मागितलंस?" आजी खुर्चीत शांत बसली होती. ती म्हणाली, "माझा चष्मा बसमध्ये राहिला गं." आईच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला तो मी विसरणार नाही. घरात अजून एक दुआ शिल्लक होती. न उघडलेली, कोरी करकरीत. उस्तादांना विचारलं, बिनचष्म्याचं बघणं धरतात का? ते सज्जन गृहस्थ, पुढे साठ माणसं सांभाळायची होती, म्हणाले, "नियत चांगली असावी, बाकी अल्लाह जाणतो." आईने याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला. काब्याभोवतीच्या सातही फेऱ्यांत तिने आजीच्या डोळ्यांवर ओढणी धरली, चुकून अर्धवट दिसून दुआ अर्धवट खर्च व्हायला नको म्हणून.

संध्याकाळी बसवाल्याने चष्मा हॉटेलच्या खाली आणून दिला. तो घ्यायला मी गेले. आणि मावशी, मी तो वर नेला नाही. खिशात टाकला. (हो, मक्केत. हो, मला माहीत आहे.) माझी कल्पना अशी, की आईच्या आधी आजीला मी गाठावं, जहाजाचं पटवावं, आणि मगच चष्मा सापडावा. पण आईलाही तेच सुचलं होतं, फक्त उलट्या बाजूने. मग पाच दिवस जे चाललं ते निवडणुकीतही होत नसेल. आईने सकाळी आजीचे पाय चेपले की मी दुपारी डोकं चेपायची. तिने खजूर आणले की मी घरून नेलेली तिखट मिरचीची चटणी घालून शेवया करून द्यायची. आई तिच्या कानात सांगायची, "मुघनी किती शांत मुलगा आहे." मी दुसऱ्या कानात सांगायची, "आजी, जहाजावर अधिकाऱ्याला पांढरा गणवेश मिळतो." आजी दोघींना "बघू हं" म्हणायची आणि पाय पुढे करायची. आईने तिला चष्म्याच्या दोन दुकानांत नेलं. तिथला प्रत्येक चष्मा डोळ्यांना लावून आजी म्हणायची, "यातून सगळं कोणाचंतरी दुसऱ्याचं दिसतंय." तिची पाठ, मान, टाचा, आयुष्यात पहिल्यांदा एकदम बऱ्या झाल्या.

तुला ठाऊकच आहे, आपल्याकडे सगळे सांगतात की मक्केत केलेल्याची परतफेड जागच्या जागी होते. पहिल्या दिवशी माझ्या चपला गेल्या. दुसऱ्या दिवशी नव्या घेतलेल्या चपला गेल्या. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये उझबेकी बायकांच्या घोळक्यात अडकून मी अकराव्या मजल्यावर कोणाच्यातरी न्याहारीला पोचले. (न्याहारी उत्तम होती, त्यामुळे ती शिक्षा होती का याबद्दल मी साशंक आहे.) पाचव्या दिवशी मी खाटेवर बसले आणि खालून कट्‌कन आवाज आला. चष्म्याची एक दांडी तुटली. तेव्हा मात्र मी घाबरले. दांडी बाबांच्या सदऱ्यातल्या दोऱ्याने बांधली आणि आजीसमोर जाऊन सगळं कबूल केलं. चष्मा, खिसा, जहाज, भीती, सगळं. आजी रागावली नाही. म्हणाली, "एवढंच ना? आधी टाच चेप."

सहाव्या सकाळी आम्ही आजीला पुन्हा काब्यापाशी नेलं. डाव्या कानाशी आई, उजव्या कानाशी मी, मागे बाबा आकाशाकडे बघत. आजीने दोऱ्याचा चष्मा लावला, मान वर केली आणि पाहत राहिली. ओठ हलत होते. किती वेळ गेला कोण जाणे. आई शेवटी न राहवून म्हणाली, "आई, मागितलंस ना?" आजी म्हणाली, "मागितलं." "काय मागितलंस?" "मला हवं होतं ते." त्यापुढे तिने दोन दिवस तोंड उघडलं नाही.

मदिनेत, निघायच्या आदल्या दुपारी, आई तिचे केस विंचरत होती. आजीने आपणहून सांगितलं, "मी मस्रुरो मागितली. माझी धाकटी घरी यावी, एवढंच. तुमची लग्नं आणि जहाजं तुम्ही मागा, तुमचे गुडघे चांगले आहेत." आईचा हात केसांत तसाच राहिला. ती रागावेल असं मला वाटलं. तिने आजीची वेणी पुरी केली. मग बाजारात गेली. शेजारणींसाठी नमाजच्या आठ चटया घ्यायच्या होत्या, आठही लाल घेतल्या. आणि नववी हिरवी. मी विचारलं ही कोणाची, तर म्हणाली, "असू दे एक जास्तीची." आम्ही घरी परतल्यापासून तुमिना काकूंनी ती दोनदा मागितली. दोन्ही वेळा आईला ऐकू आलं नाही.

बाकी ठीक. या शुक्रवारी आमच्या परतीचं मोठं जेवण आहे. मांजराला माझ्याकडून कुरवाळ आणि वडीलकीच्या नात्याने मला दुआ दे, मला सध्या जिथून मिळेल तिथून हवी आहे.

तुझी,
खिल्मा

ता. क. एक सप्टेंबरपासून मला तुझ्याकडे राहता येईल का? मी कुठेही झोपेन, यंत्राखालीसुद्धा. बाबांनी माझी पेटी माळ्यावरून खाली काढून ठेवली आहे आणि ती खाली कशी आली हे त्यांना माहीत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. तुझ्यासमोर सांगावं असं वाटतं, कारण नाही म्हणण्याचा अनुभव घरात फक्त तुला आहे.

पुन्हा ता. क. हे तू कोणाला सांगू नकोस. परतीच्या विमानात आजी चष्म्याशिवाय मला म्हणाली, "त्या पुढच्या पोरीच्या कोटाचं तिसरं बटण तुटलंय." पोरगी विमानाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी आजीकडे बघितलं. चष्मा फक्त वाचायचा आहे गं. दूरचं तिला तुझ्यामाझ्यापेक्षा चांगलं दिसतं. मी म्हटलं, आजी, तू खोटं बोललीस, आणि तेही तिथे? ती म्हणाली, "मी म्हटलं चष्मा बसमध्ये राहिला. दिसत नाही असं मी कधी म्हटलं? तुम्हीच ठरवलंत, मग मीही पाय चेपून घेतले." काबा तिने पहिल्या क्षणीच पाहिला होता, आईच्या गॅसच्याही आधी, आणि त्याच क्षणी तुझं नाव घेतलं होतं. मग सहाव्या दिवशी इतका वेळ काय मागत होतीस, विचारलं. म्हणाली, "तुझं जहाज बुडू नये, आणि मुघनीच्या पाखराला कमी बोलणारी बायको मिळावी."

आणखी एक ता. क. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आई रंगाच्या खोलीत आली. विचारलं, कोणाला लिहितेस? मी म्हटलं, कोणाला नाही. ती पिंपातली नीळ उगाचच ढवळत उभी राहिली. मग जाता जाता, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "जिला लिहितेस तिला कळव, आपल्या गल्लीचा रस्ता नवा झालाय. गुडघे दुखत असतील तरी हरकत नाही, रिक्षा आता थेट दारापर्यंत येते."