कार्डाची खिडकी

अब्बा, आज नववीच्या वर्गात तुमचा धडा शिकवला. पुस्तकात तो दीड पानाचा आहे. मोठं युद्ध संपलेलं, इंग्लंडची शहरं पडलेली, पाव रेशनवर, आणि अशा वेळी तिथल्या सरकारनं ठरवलं की औषधपाणी सगळ्यांना फुकट, म्हाताऱ्यांना पेन्शन, काम सुटलेल्याला आधार. मी पुस्तक मिटलं आणि तुमच्यासारखं सांगितलं. तुमच्या दवाखान्यातल्या इंग्रज मेट्रनबाईंच्या गावचा कोळसेवाला, ज्यानं जन्मात डॉक्टर पाहिला नव्हता, तो पहिल्याच सकाळी काळ्या हातांनी दवाखान्यात जाऊन बसला आणि कुणी त्याला विचारलं नाही, तू कोणाचा कोण. बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या आपल्या खोलीत भात कालवता कालवता तुम्ही हे सांगायचात, आणि 'कोणाचा कोण' म्हणताना घास हातातच थांबायचा. मी त्या गोष्टीवर वाढले. कंपनीच्या दवाखान्यात तुम्ही कार्डाच्या खिडकीवर बसायचात, ते लोकांना आत घ्यायला, असं मी शाळाभर सांगत फिरायचे.

समोरच्या खोलीतल्या खालाचा नवरा बाजारात, सूकमध्ये, शिंपी होता, त्यामुळे त्यांना कंपनीचं कार्ड कुठून असणार. अम्मी बाळंतपणाला गावी गेली तेव्हा चार महिने मला त्याच खालानं जेवू घातलं, वेण्या घातल्या. पुढच्या उन्हाळ्यात तिचा कान सुजला, तापानं ती फणफणली, नवरा दुकानात. मी दहा वर्षांची. म्हटलं, "खाला, चल. अब्बा आहेत ना खिडकीवर." ती म्हणाली, "अगो, आमचा कार्ड नाय." मी म्हटलं, तिथं कुणी विचारत नाही. तिचा हात धरून मी तिला भर उन्हातून चालत नेलं. रांगेत आमची पाळी येते, तुम्ही मान वर करता. घरी तिला भाभी म्हणणारे तुम्ही हिंदीत म्हणता, "कार्ड दिखाइए." मी म्हणते, "अब्बा, खाला आहे." तुम्ही माझ्याकडे पाहतही नाही. "बिना कार्ड मफी, नहीं चलेगा. नेक्स्ट." मागचा माणूस पुढे सरकतो. खालाच मला ओढून बाहेर काढते. "चल गो, त्यांची नोकरी हाय," एवढंच बोलते.

तिचा डावा कान कायमचा गेला. तिनं तुम्हाला कधी बोल लावला नाही. पण त्यानंतर ती आपल्याकडे आली की तुम्ही, कुणी न सांगता, उठून तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसायचात. म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं. त्या खिडकीचा राग माझ्या मनातून केव्हाच गेला. नोकरीची भीती काय असते ते मला आज कळतं, माझाही व्हिसा नोकरीलाच बांधलेला आहे. राग आहे तो त्यानंतर आठवड्यानं झालेल्या जेवणाचा. तुम्ही पुन्हा तीच गोष्ट सांगितलीत, कोळसेवाल्यासकट, आणि 'कोणाचा कोण' म्हणताना पुन्हा घास थांबला. मी ताटावरून उठले. तुम्ही अम्मीला म्हणालात, "पोरीला भूक नाय वाटतं." अब्बा, तुम्ही मला फसवलंत. पुढे नोकरी संपली, तुमचंही कार्ड त्याच खिडकीत जमा झालं आणि महिन्याभरात तुम्ही खोकत गावी गेलात, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मला 'बरं झालं' वाटलं. तेही सांगून टाकते.

इथं बहरीनमध्येच, बुसैतीनच्या घरी टेबलावर उत्तरपत्रिका बाजूला सारून हे लिहिते आहे. सुट्टीत रत्नागिरीला येईन तेव्हा तुमच्या कबरीपाशी बसून वाचून दाखवायचं, असं ठरवलं होतं. खालाही सोबत येते दरवर्षी. मी तिच्या उजव्या हाताला चालते. पण आता मला ते वाचून दाखवता येणार नाही, कागद या गठ्ठ्याखालीच राहील. कारण आज धडा संपल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं इंग्रजीत विचारलं, मिस, तुमच्या वडिलांच्या दवाखान्यातही असंच होतं का. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी हो म्हणाले.